कार्ड अंथुर्ण्यात, मशीन कन्हेरीत

कन्हेरी, ता. बारामती
१ ऑगस्ट, शुक्रवार

सौ. सोनलवन्सं यांस,

तुमची वहिनी रेश्मा हिचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तिकडे तुम्ही, पाहुणे आणि तुमच्या सासूबाई खुशाल असालच.

वन्सं म्हटलं म्हणून हसू नका. चार वर्षं तुम्हाला "सोने, ऊठ की, दहा वाजले" म्हणणारी मी आज अहोजाहो करतेय, कारण आपलं बोलणं बंद आहे आणि ज्याच्याशी बोलणं बंद त्याला मान द्यावा लागतो. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय. तुमच्या दादांच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट केलात. म्हटलं, कागद काही ब्लॉक होत नाही. दादा पेरू घेऊन इंदापूर मार्केटला निघालेत, वाटेत अंथुर्ण्याला थांबतील. वांग्याच्या पिशवीत तळाला हे पत्र आहे. वांगी आईंनी दिलीत. माझा राग वांग्यांवर काढू नका, कोवळी आहेत.

पंचमीला तुम्ही आला नाहीत. लग्नानंतरची पहिली पंचमी. आईंनी पुरणाची दिंडं केली होती आणि रस्त्याला गाडी वाजली की हात पुसत दारात येत होत्या. झोका बांधला होता, त्यावर शेवटी दादाच बसले. शेजारच्या छबूबाईंनी विचारलंच, "चंद्राबाई, लेक आली न्हाय व्हय?" आई म्हणाल्या, "तिकडं डाळिंबाची फवारणी चाललीया, पोरीला सवड न्हाय." खोटं बोलताना आईंचा आवाज चढतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

आता कामाचं. आपण दोघींनी मिळून कॉम्प्युटर बांधायचा ठरवला होता. साधा नाही, गेम खेळायचा. तुमचे पेरूच्या पॅकिंगचे पैसे, माझे ब्लाउजच्या शिलाईचे, मिळून सत्तर हजार. तेवढ्यात सगळं बसवायचं. मी पहिल्यापासून म्हणत होते, एकच वस्तू भारी घेऊन उपयोग नाही, सगळ्या एकमेकींना शोभतील अशा घेऊ. आणि तुम्ही एका दुपारी ऑनलाइन सेल लागला म्हणून मला न विचारता ग्राफिक्स कार्ड घेऊन मोकळ्या झालात! निम्मे पैसे एका खोक्यात. मी म्हणाले, "पुरण झालं, आता कणीक कुठून आणायची?" तुम्ही म्हणालात, "पुरणाला चव असली की कणीक कसली बी चालती." शब्दाला शब्द वाढला. त्यात तुमचं लग्न ठरलं, आणि हळदीच्या दिवशी तुम्ही सांगून टाकलंत, "माझं निम्मं मी नेते, तुझं निम्मं तू ठेव."

आणि नेलंतही. रुखवतात, शेवयांच्या करंड्या आणि साखरेची बाहुली यांच्या मधोमध ते कार्डाचं खोकं मांडलंत. वर दोन पंख्यांचं चित्र. छबूबाईंनी विचारलं, "नवा मिक्सर हाय का गं?" तुम्ही "व्हय" म्हणालात. कन्हेरीत अजून असंच समजतात की चंद्राबाईंनी लेकीला दोन भांडी एकदम फिरणारा मिक्सर दिला.

तर कार्ड अंथुर्ण्यात आणि बाकीचे पैसे कन्हेरीत, असं झालंय. आईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका बैलावर नांगर चालतुया का कुठं? आमच्या येळंला ज्याच्याकडं एकच बैल तो शेजाऱ्याशी सावड करायचा. आज तुझ्या रानात जोडी, उद्या माझ्या. तुमाला दोगींना एवढं बी जमंना?" मी हे फक्त कळवतेय. माझा काही आग्रह नाही.

गणपती झाले की मी उरलेलं सामान घेणार आहे. दसऱ्याला मशीनची पूजा करायची आईंची इच्छा आहे. तुम्ही कार्ड घेऊन आलात तर मशीन लागेल. नाही आलात तर आम्ही कपाटाची पूजा करू.

आपली,
सौ. रेश्मा

ता. क. खोकं ओल आलेल्या भिंतीला ठेवू नका. हे मी भांडण विसरून सांगतेय.


कन्हेरी
६ सप्टेंबर

सोनलवन्सं यांस नमस्कार,

पिशवी परत मिळाली. आत डाळिंबं होती. मोठी होती. मी पिशवी दोनदा झटकली, चिठ्ठी काही पडली नाही. डाळिंबं गोड निघाली एवढंच कळवते.

काल बारामतीला जाऊन सगळं सामान आणलं. परवापासून पितृपंधरवडा, मग नवीन वस्तू घ्यायची नाही म्हणून आईंनी घाई केली आणि स्वतः सोबत आल्या. दुकानदार इंद्रजित म्हणून पोरगा आहे, बोलायला गोड. त्याला वाटलं सासूबाई बसायला आल्यात. त्यानं चहा सांगितला. आईंनी चहा घेतला आणि प्रत्येक खोकं कानाजवळ नेऊन हलवून बघितलं, नारळ घेताना बघतात तसं. "हे वाजतंय, दुसरं दे," म्हणाल्या. आत स्क्रू होते. तरी त्यानं दुसरं दिलं.

निम्म्या पैशांत अख्खं मशीन बसवायचं म्हणजे चौघांच्या स्वयंपाकात दहा जण जेवू घालायचे. तुमच्या दादांना लाईटवाले पंखे पाहिजे होते. निळे, जांभळे, फिरते. मी म्हटलं, लाईटचे पैसे मी पॉवर सप्लायला घालणार. आपल्याकडची वीज कधी कमी, कधी जास्त, तिचा काय भरवसा? दादा रुसले. तेव्हा आईच मध्ये पडल्या, "स्टार्टर स्वस्तातला आणलास आन् इहिरीवरची मोटर जाळलीस, इसरलास का?" पंखे साधे काळे आले, पण चार आले. मशीनच्या पेटीला पुढून आणि वरून जाळी आहे, हवा खेळती राहते. मेमरी एक मोठी घेण्याऐवजी आठ-आठ जीबीची जोडी घेतली, जोडीनं काम उरकतं. स्क्रीन मोठा होता, दादांचा जीव अडकला होता. पण स्क्रीन जेवढा मोठा तेवढं कार्डावर ओझं. तुमच्या कार्डाला जो झेपेल तोच घेतला. आहे ना लक्षात, तुमचं कार्ड धरूनच मी सगळा मेळ घातला. ते नसतं तर मेळ वेगळा बसला असता.

प्रोसेसरपाशी मात्र गाडी अडली. इंद्रजितनं दोन पुढं ठेवले. किंमत जवळजवळ सारखी. एकात चित्र दाखवायची सोय आतच असते, म्हणजे कार्ड नसलं तरी स्क्रीन लागतो, थोडंफार खेळताही येतं. दुसऱ्यात ती सोय नाही. कार्ड बसवल्याशिवाय स्क्रीन काळाच. त्यानं कार्ड कुठाय विचारलं. मी सांगितलं, अंथुर्ण्याला.

"मग वहिनी, पयला घ्या. कार्ड येईस्तवर काम तर चालंल. न्हाई आलं तरी अडायचं न्हाई."

मी दुसरा घेतला.

का, असं दादांनी गाडीत विचारलं. मी सांगितलं, दुसरा जास्त पळतो. ते खरंच आहे, भारी कार्डाबरोबर तोच चांगला पळतो. इंद्रजितला विचारा हवं तर.

दादांनी आणि मी मिळून मशीन जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, एक बारका दिवा लागला. स्क्रीन काळा. आईंनी त्यावर तुम्ही भरलेला मोराचा रुमाल टाकलाय आणि आल्यागेल्याला रुमाल उचलून काळा स्क्रीन दाखवतात. "लागणार हाय, दसऱ्याला," म्हणतात.

तुझी खोली अजून तशीच आहे. टेबल तिथंच मांडलंय.

"तुझी" लिहून गेले. खोडत नाही, कागद खराब होतो.

रेश्मा


कन्हेरी
३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

सोनल,

अनेक आशीर्वाद. काल तुझा नवरा घरी आला तेव्हा पायापासून डोक्यापर्यंत पिवळा होता. तो काय सांगेल कोण जाणे, म्हणून मीच कारण लिहिते. आधी सांगते, चूक तुझ्या आईची आहे.

सकाळी ट्रॅक्टर धुतला, विळे, खुरपी, माझं शिलाई मशीन, सगळं ओळीनं मांडलं. शेवटी कॉम्प्युटर. हळदीकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, आपट्याची पानं वाहिली. नारळ आई पेटीच्या डोक्यावर फोडणार होत्या, तो मी हातातून काढून उंबऱ्यावर फोडला. आणि माझं लक्ष नारळाकडं असताना त्यांनी जेजुरीहून आणलेला भंडारा मूठभरून वरच्या जाळीतून आत सोडला. कुलदैवताचं आहे, बाहेर लावून कसं भागेल? तेवढ्यात शिवमराव दारात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. आई म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्या म्होरं मुहूर्त करू, या हितं मागं उभं ऱ्हावा, फोटूत याल." ते पेटीच्या बरोबर मागं उभे राहिले. आणि तुझ्या दादानं बटण दाबलं.

चार पंखे, सोने! साधे काळे, पण चार!

सगळा भंडारा एका फुंकरीत बाहेर. शिवमरावांचं तोंड दिसेना. दादाच्या मिशा पिवळ्या, मोर पिवळा. मग आईंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "येळकोट येळकोट जय मल्हार!" आम्ही सगळे ओरडलो, तुझा नवरा सगळ्यात जोरात. आई दिवसभर गावाला सांगत होत्या, "देवाची करणी! मशीननं सोत्ता भंडारा उधळला." मी हसता हसता जी खाली बसले ती उठेनाच. लग्न होऊन आल्यापासून एवढी हसले नव्हते. म्हणजे, तू गेल्यापासून.

इंद्रजितला फोन केला तर तो म्हणाला, "बिघडत न्हाय, मऊ ब्रशनं झाडा. वहिनी, लाईटवाले पंखे न घेता बी रंग आला की!"

तोंड धुऊन शिवमरावांनी पिशवीतून खोकं काढलं. वर तुझी चिठ्ठी. "घे निम्मं. भांडण मिटलं." एवढंच. मी त्यांच्या मागं बघितलं. दारात, मग गाडीवर. गाडीवर नुसतं हेल्मेट होतं.

दादा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार उभा होता. पाच मिनिटांचं काम होतं. मी खोकं उघडलं, कार्ड बघितलं, पुसलेलं होतं, छान ठेवलंयस. मग खोकं बंद केलं आणि तुझ्या नवऱ्याच्या हातात परत दिलं. आई खवळल्या, "दसऱ्याला दारात आल्यालं सोनं माघारी धाडतीस?" शिवमराव बिचारे म्हणाले, "वहिनी, आता मी घरी काय सांगू?" मी म्हणाले, "सांगा, निम्मं पोचलं न्हाय."

सोने, आता खरं लिहिते.

दुकानात दोन प्रोसेसर पुढं होते तेव्हा मी पळण्याचा विचार केलाच नव्हता. पळतो वगैरे मी गाडीत बसल्यावर मोबाईलवर वाचलं. इंद्रजित म्हणाला "न्हाई आलं तरी अडायचं न्हाई," आणि मी पहिलं खोकं त्याच्याकडं परत सरकवलं. तू आली नाहीस तरी काही अडणार नाही, असलं मशीन मला घरात नको होतं. म्हणून मी अडणारं घेतलं. तुझ्याशिवाय लागणारच नाही असलं. महिनाभर काळ्या स्क्रीनसमोर बसले, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. काळा आहे तोवर तुला यायचं कारण आहे.

मी लग्न करून या घरात आले त्या दिवशी साऱ्या बायका माझे दागिने बघत होत्या. मी खाली मान घालून बसले होते आणि माहेरच्या आईची आठवण येत होती. तू येऊन शेजारी बसलीस, पदराआडून तुझा फोन माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "खेळतीस का? माझा जोडीदार आत्ताच मेला." तो गेम मला येत नव्हता. पाच मिनिटांत मीही मेले. तू म्हणालीस, "शिकशील." त्या दिवसापासून हे घर माझं झालं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय त्यात, तू रोज समोर होतीस.

कार्डासाठी मी भांडले असं तुला वाटतं. दोन दिवस भांडले मी कार्डासाठी. नंतर लग्नाची तारीख निघाली आणि मग मी तू चाललीस म्हणून भांडत होते. कार्डाचं नाव पुढं करणं सोपं होतं.

भांडण मिटलं असं चिठ्ठीत लिहून मिटत नाही. भाऊबीजेला ये. दादाला ओवाळायला ये हवं तर, माझ्याशी बोलू नकोस. पण खोकं स्वतःच्या हातानं आण.

तुझी वाट बघणारी,
रेश्मा


कन्हेरी
३० ऑक्टोबर

सोने, बये,

आशीर्वाद, गोड पापे, आणि दादाच्या डोक्यात भाऊबीजेला तू चोपडलेलं तेल अजून निघालं नाही हा निरोप.

रोज फोनवर बोलतोय तरी पत्र लिहितेय, कारण हे फोनवर सांगितलं तर तू ओरडशील आणि मला ऐकू येईल.

आधी तू गेल्यानंतरच्या बातम्या. आई नांगरणीच्या गेममधून उठत नाहीत. तू शिकवलंस तसा ट्रॅक्टर चालवतात, पण नांगराचं तास वाकडं गेलं की स्क्रीनला शिव्या देतात आणि वळताना स्वतः खुर्चीवर वाकतात. काल दादाकडं बघून म्हणाल्या, "हितं डिझेल फुकाट हाय, तरी ह्यो अविराज रानात जातुया कशाला?" छबूबाईंना मी मशीन उघडून कार्ड दाखवलं. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्यो तर मिक्सर!" मी म्हटलं, व्हय, आता हितं बसवलाय.

आणि एक. भाऊबीजेला तू खोकं पोटाशी धरून उंबऱ्यात उभी राहिलीस, आणि भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच म्हणालीस, "आधी वीज हाय का बघ." बोलणं बंद असलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ते! स्क्रीन लागला तेव्हा तू स्क्रीनकडं बघत होतीस, म्हणून तुला माहीत नाही, आई देव्हाऱ्याकडं तोंड करून डोळे पुसत होत्या. मी पण. पण मी कांदा चिरत होते असं समज.

आता मुद्द्याचं. तुझ्या सासूबाईंचा परवा आईंना फोन आला. "इहीणबाई, आमाला बी दाखवा की ती जत्रा. पोरगी आल्यापासनं दुसरं बोलंना." आईंनी लगेच निकाल दिला, "सावड म्हंजे सावड. संक्रांतीपतोर तिकडं, मग हिकडं." म्हणून आज दादा मशीन घेऊन येतोय. शेवग्याच्या क्रेटमध्ये, दोन गोधड्यांत गुंडाळून. स्क्रीनवर मोराचा रुमाल आहे, तो तिकडंच राहू दे, तुझाच आहे. रस्त्याला खड्डे लागले की दादानं हळू चालवावं म्हणून आई स्वतः पुढं बसणार आहेत, तेव्हा भाकरीचं बघ.

मशीन टेबलावर ठेवशील, वायरी लावशील, बटण दाबशील. पंखे फिरतील, दिवा लागेल. स्क्रीन लागणार नाही. घाबरू नकोस, काही बिघडलेलं नाही आणि वाटेत काही पडलेलं नाही. डाव्या बाजूचं झाकण उघड. कार्डाची जागा मोकळी आहे, तिथंच तुला हे पत्र सापडेल.

म्हणजे आत्ता तू हे झाकण उघडून, खाली बसून वाचतेयस. ओरडून झालं का?

कार्ड माझ्या ट्रंकेत आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत. रविवारी सकाळच्या एस्टीनं मी ते घेऊन येतेय. चार दिवस राहीन. संक्रांतीला मशीन इकडं येईल तेव्हा कार्ड तू काढून ठेव आणि मागाहून तू घेऊन ये. दर खेपेला असंच. मशीन एकीनं पाठवायचं, कार्ड दुसरीनं हातात घेऊन जायचं. आईंना, दादाला, शिवमरावांना काय सांगायचं ते सांगू, जोखमीची वस्तू आहे, टेम्पोत हादरे बसतात. इंद्रजितनं आता चित्रवाला प्रोसेसर फुकट दिला तरी आपल्याला नको.

सासूबाईंना नमस्कार. शिवमरावांना सांग, रविवारी पांढरा शर्ट घालायला हरकत नाही. तोवर स्क्रीन काळाच राहू दे. मी येतेय.

तुझं निम्मं,
रेश्मा